माळावरची लाल निशाणं

रुद्रप्पा कलशेट्टी भित्रा होता, हे आधीच सांगून टाकतो. तो गेल्यापासून लोक त्याच्याबद्दल बोलताना 'शांत', 'सावध', 'मितभाषी' असले गुळगुळीत शब्द वापरतात आणि माझं डोकं उठतं. शांत कसला? आतून सारखा कापत असायचा बिचारा. भवानी पेठेत आमची दारं समोरासमोर होती, तेव्हा मला कुणी शिकवू नये. कुत्र्याला भ्यायचा, साहेबाला भ्यायचा, आणि गल्लीत तारवाला शिरला की तार दुसऱ्याची असली तरी हा दारामागे जाऊन उभा राहायचा. रात्री कडी लावायचा, अंथरुणावर पडायचा, आणि कडी नीट लागली का हे बघायला परत उठायचा. आम्हाला खिडकीतून दिसायचं. आम्ही हसायचो.

मूळचा दुधनीचा, घरात कानडी. सोलापुरात एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. कचेरीचं नाव घेत नाही. ज्या कचेऱ्यांचं नाव निघालं की त्या काळी लोक ओट्यावरून उठून जायचे, त्यांतली ती एक, एवढं पुरे. बायको काशम्मा उंचीपुरी, हसऱ्या तोंडाची, शिवणकाम करणारी. मुलगी रत्ना लग्नानंतर फार उशिरा झालेली, एकुलती एक. शाळा गल्लीच्या टोकाला होती, तरी तिला सोडायला आणि आणायला रुद्रप्पाच जायचा. काशम्माला बाजारातून यायला उशीर झाला की हा माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि विचारायचा, "आली आसंल न्हवं आता चौकापर्यंत?" मला कसं कळणार? पण मी "आली असेल" म्हणायचो. तेवढ्याने त्याला श्वास घेता यायचा.

असा माणूस सुभेदार आबासाहेबांच्या दिशा मंडळात शिरला, याचं पेठेला फार नवल वाटलं होतं.

आबासाहेबांना पलटणीत असताना एका खेळाचा नाद लागला होता. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं. माळावर ठिकठिकाणी निशाणं लावलेली असतात, ती नकाशावरच्या क्रमाने शोधत जायचं आणि शेवटच्या झाडाखाली परत यायचं. पळायचं असेल त्याने पळावं, चालायचं असेल त्याने चालावं. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी सोलापुरात हे मंडळ काढलं. माळाचा नकाशा ते स्वतः पायी हिंडून काढायचे. मी छापखान्यात कंपोझिटर होतो, हात बारीक कामाला बसलेला, म्हणून कार्बन लावून नकाशाच्या प्रती करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बाप्ये. रविवारी घरात ज्यांचा काही उपयोग नाही असे, असं माझी बायको म्हणायची.

रुद्रप्पाला सुभेदारांनी भीती घालवायला म्हणून ओढत आणलं. भीती काही गेली नाही. पण तो कधी चुकला नाही, हे मात्र खरं. आम्ही होकायंत्रात एकदा बघायचो आणि मान ताठ करून जे निघायचो ते थेट बाभळीच्या काट्यांत. हा थोडं चालून थांबायचा, नकाशा बघायचा, मग मागे वळून बघायचा. परत येताना ही जागा कशी दिसेल, ते मनात धरून पुढे सरकायचा. सगळ्यांच्या मागून यायचा, पण एकही निशाण न सोडता यायचा. "भ्या वाटतं म्हणून बगतो," असं तो म्हणायचा, आणि त्यात त्याला लाज वाटत नसे.

मी सांगतो आहे ते साल एकोणीसशे शहात्तर. आणीबाणी होती. नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या. बाजाराच्या दिवशी माणसं उचलतात, एसटीतून उतरवून नेतात, लग्न न झालेल्या पोरांनाही सोडत नाहीत, असं रोज काहीतरी कानावर यायचं. त्यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती, हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं कुणाला? भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा तो लाल त्रिकोण. आमच्या छापखान्यात त्या वर्षी लाल शाई वाळली म्हणून नाही.

एकदा संध्याकाळी ओट्यावर बसलेला असताना रुद्रप्पा खाली मान घालून म्हणाला, "माज्या टेबलावरनं जातं सगळं. कुटल्या दिवशी कुटल्या गावाला गाडी, ते." एवढंच. मग दचकून त्याने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं आणि घरात गेला. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मीही विषय काढला नाही. मलाही बायकापोरं होती.

आणि नेमकं याच वर्षी सुभेदारांच्या डोक्यात आलं की मंडळात नवी माणसं आली पाहिजेत, घरंच्या घरं आली पाहिजेत. "आपण सगळे मेलो की हे नकाशे रद्दीत जाणार," ते म्हणाले. "बायका आल्या पाहिजेत, पोरं आली पाहिजेत. खेळ घरात शिरला तरच टिकतो." बोलणं पटण्यासारखं होतं. एरवी फिरायला जायचं म्हणजे काय, तर तळ्याकाठी भेळ खाऊन परत. सुभेदारांनी पोलिसांची परवानगी काढली आणि पत्रक लिहून माझ्याकडे दिलं. 'सर्वांनी कुटुंबासह माळावर यावे. मोफत. खाऊची सोय आहे.' खाली खूण म्हणून त्रिकोण. आमच्या नकाशांवर खेळ जिथून सुरू होतो ती जागा त्रिकोणाने दाखवतात, म्हणून मंडळाची खूणही त्रिकोणच. यंत्रावर लाल शाई लावलेलीच होती, तीत पत्रकं निघाली. निशाणं जुनी झाली होती, म्हणून काशम्माकडून नवी शिवून घेतली. पांढरं चौकोनी फडकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं अर्धं लाल. लांबून पाहिलं तर पांढऱ्यावर लाल त्रिकोण.

आता वाचणारा कपाळावर हात मारेल. मारा. पण खरं सांगतो, आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. वर्षानुवर्षं आम्हाला त्रिकोण म्हणजे 'इथून निघा' एवढंच माहीत. भिंतीवरचा त्रिकोण रोज पाहत होतो, हातातला त्रिकोण रोज पाहत होतो, आणि दोन्ही एकमेकांशेजारी धरून बघावेत असं कुणालाही सुचलं नाही.

पत्रकं वाटायला पेठेत रुद्रप्पा फिरला. सरकारी कचेरीतला माणूस, हातात लाल त्रिकोणाचा कागद, आणि तोंडाने म्हणतो आहे की घरच्यांना घेऊन गावाबाहेर माळावर या, पैसे पडणार नाहीत, खायला देऊ. लोक कागद अदबीने घ्यायचे, घडी घालून कनवटीला खोचायचे आणि दार लावून घ्यायचे. कुणी तोंडावर काही बोललं नाही. तसले दिवसच नव्हते. फक्त गौरम्मा, जी चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, तिने उंबऱ्यात उभं राहून विचारलं, "तुमच्या घरचं कोन येतंय का, रुद्रप्पा?"

रुद्रप्पाला वाटलं, ती माळाला भिते. लांडगे, उघड्या विहिरी, इंगळ्या. त्या भीतीची त्याला फार जवळून ओळख होती. उरलेली पत्रकं घेऊन तो घरी आला. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बरोबर बोलली ती. आपली बायको-पोर घरात ठेवून दुसऱ्याची बोलवायची, हे काय बरं दिसत न्हाय." त्याचा चेहरा उतरला होता. काशम्मा मात्र एका पायावर तयार. तिने रत्नाला समोर बसवून नकाशा कसा धरायचा ते शिकवलं, जसं स्वतः नवऱ्याकडून शिकली होती तसं. शनिवारभर रुद्रप्पा जेवला नाही.

रविवारी सकाळी आम्ही अक्कलकोट रस्त्याच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. थंडीचे दिवस, ज्वारी छातीला लागलेली, त्यापलीकडे माळ. निशाणं आदल्या संध्याकाळी सुभेदार एकटे जाऊन लावून आले होते. घरंच्या घरं सोडा, पेठेतलं एक चिटपाखरूही आलं नव्हतं. नवी म्हणावीत अशी फक्त काशम्मा आणि रत्ना. सुभेदारांचा विरस झाला, पण शिट्टी वाजवून त्यांनी खेळ सुरू केला. मायलेकींसाठी सोपी, छोटी वाट आखली होती. ओढ्याकाठची बाभळ, दगडांचा ढीग, मग टेकाडाच्या कडेने वळसा घालून परत लिंबाखाली. पोर उड्या मारत निघाली. काशम्माने एकदा मागे वळून बघितलं, नवऱ्यानेच शिकवलेलं होतं तसं.

रुद्रप्पा आणि मी शेवटच्या लिंबाखाली थांबलो. मी पेरू कापत होतो. तो उभा होता. "बस की," म्हटलं, तर म्हणाला, "बसल्यावर टेकाड दिसत न्हाय."

थोड्या वेळाने आमच्यातले एकेक जण परत यायला लागले आणि सगळ्यांची रड एकच. निशाण सापडलं नाही. बाभळीला नाही, ढिगावर नाही, कुठेच नाही. सुभेदार चिडले, मी स्वतः बांधलीत म्हणाले. एकाने बाभळीच्या फांदीला तुटकी सुतळी लोंबताना पाहिली होती. म्हणजे निशाणं कुणीतरी ओढून काढली होती.

"मग त्या दोघी कुटं हायत?" रुद्रप्पाने विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. जे निशाण जागेवर नाही ते शोधत त्या पुढे पुढे गेल्या असणार, हे उघड होतं. टेकाडापलीकडे काय आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. दुष्काळात खडी फोडायला खणलेल्या खाणी. दोन पावसाळ्यांनी त्या भरल्या होत्या, आणि काठाला कठडा नावालाही नव्हता. रुद्रप्पा डोक्यावरची टोपी काढायचा, घडी घालायचा, परत घालायचा. ऊन चढत गेलं. माझ्या हातातला पेरू तसाच राहिला. लपवून काय करू, मलाही भीती वाटायला लागली होती, आणि त्याच्याकडे बघून ती जास्तच वाटत होती.

तेवढ्यात ज्वारीतल्या पाऊलवाटेने एक दूधवाला सायकल ढकलत आला. आमच्याकडे आणि सुभेदारांच्या खाकी चड्डीकडे बघून थबकलाच. त्याच्या हँडलला किटल्या होत्या, त्या वाजायला लागल्या.

"काय झालं रे?" सुभेदार म्हणाले.

"काय न्हाय सायेब. मला दोन पोरं हायत, लई न्हाईत," तो म्हणाला. मग रुद्रप्पाकडे बघून, त्यातल्या त्यात तोच गरीब दिसला म्हणून, हळू आवाजात पुढे बोलला, "तिकडं जाऊ नगासा. बिरप्पाच्या वस्तीवर आपरेशनवाली बाई धरलीया. रातीच सरकारनं समद्या माळाला लाल तिरकोन लावून ठेवलं हुतं. बाप्ये पळालं ज्वारीत. बाया लई चवताळल्यात."

तेव्हा कळलं. सगळ्यांना एकदमच कळलं. सुभेदारांनी हातातलं पत्रक पाहिलं आणि खाली बसले. मी आयुष्यात त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

पण ते पलटणीतले. लगेच उठले आणि म्हणाले, "चला सगळे. काठ्या घ्या."

"न्हाय," रुद्रप्पा म्हणाला. "तुमी खाकीत हाय. समदे मिळून गेलो तर धाड पडली म्हनतील. रत्ना हाय तितं. मी जातो."

"एकटा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याबरोबर का गेलो, हे अजून मला नीट सांगता येत नाही. शूर म्हणून नाही, एवढं नक्की. त्याला एकटं जाताना बघणं त्याहून अवघड होतं, म्हणून गेलो.

टेकाड चढताना त्याच्या पायांना ठेच लागत होती. दोनदा थांबला, कमरेत वाकला, मला वाटलं ओकतोय. उजव्या हाताला खाण दिसली, हिरवं पाणी, काठावर एकही माणूस नाही. त्याने पाण्याकडे बघितलं नाही, काठावरच्या मातीकडे बघितलं. लहान चपलेचा ठसा काठापासून लांबून गेला होता. "त्या हितनं नीट गेल्या," तो म्हणाला आणि पुढे निघाला.

वस्ती म्हणजे चार खोपटी आणि काट्याच्या कुंपणाचा मेंढरांचा वाडगा. आधी कुत्री आली. धनगराची कुत्री काय असतात, हे ज्याने पाहिलं आहे त्यालाच कळेल. रुद्रप्पा, जो पेठेत बांधलेल्या कुत्र्याच्या बाजूने जात नसे, तो डोळे मिटून चालत राहिला. एका म्हातारीने हाक मारली तेव्हा ती मागे सरली.

त्या म्हातारीचं नाव बाळाबाई, बिरप्पाची आई. हातात मेंढरांची काठी. मागे पंधरा-वीस बाया, कुणाच्या हातात विळा, कुणाच्या कडेवर पोर. पुरुष एकही नाही. वाडग्याच्या तोंडाशी दगडावर काशम्मा बसली होती, मांडीवर रत्ना, पुढ्यात आमची फाडलेली निशाणं. काशम्माचा अंबाडा सुटला होता. रत्ना रडून थकली होती. काशम्मा तिला थोपटत हळूहळू म्हणत होती, "अंजबेडा, अंजबेडा." भिऊ नको. बापाला बघितलं तशी पोर उठायला लागली, पण एका बाईने तिचा दंड धरला.

"अप्पा," रत्ना म्हणाली.

"तू कोन?" बाळाबाईने विचारलं.

रुद्रप्पाने तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याने बायकोकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

"ही तुजी बायकू? मग ह्ये काय हाय?" तिने काठीने निशाण उचललं. "हिच्या पिशवीत आसलाच कागद हाय. वर ही कानडीत ग्वाड ग्वाड बोलती. मागल्या खेपंची नर्सबी आशीच बोलली हुती. चहा पाजला आमी तिला. आनि माज्या धाकल्याला घिऊन गेली गाडीत घालून. लगीन व्हायचं हाय अजून त्येचं."

तो खेळ आहे, आजी, असं मी म्हणायला गेलो, पण त्या म्हातारीसमोर खेळ हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

"सरकारी हायस का तू?" तिने रुद्रप्पाला विचारलं. "खरं बोल."

मनात म्हटलं, नाही म्हण, बाबा. रुद्रप्पाचे ओठ हलले. हात कापत होते, गुडघे कापत होते, पायजम्याचे पाय वाऱ्यात हलावेत तसे हलत होते, आणि वारा तर अजिबात नव्हता. हनुवटीवरून घाम गळत होता. बाया बघत राहिल्या. बाळाबाई जवळ आली. तिने त्याच्या मनगटाला हात लावून पाहिला, आजारी कोकराला लावतात तसा.

मग ती मागच्या बायांकडे वळली. "सोडा पोरीला. सरकारी मानूस आसा कापत न्हाय."

कुणीतरी कुजबुजलं. बाळाबाई म्हणाली, "म्या बगितल्यात की सरकारी मान्सं. गाडीतनं उतरताना हासत हुती. ह्यो आपल्यातलाच हाय कुनीतरी. जा बाबा, बायकापोर घिऊन जा."

दंड सुटला. रत्ना येऊन बापाच्या पायांना बिलगली. काशम्माने अंबाडा बांधला, पदर सावरला, आणि त्या बायांकडे एकदाही रागाने न बघता उठली. आम्ही चालायला लागलो. माझ्या मनात एकच होतं, टेकाड ओलांडायचं, मागे बघायचं नाही. कुत्री गुरगुरत होती, पण वस्तीच्या हद्दीवर थांबली.

तिथे रुद्रप्पाही थांबला. त्याने मागे वळून पाहिलं.

"काय झालं?" मी म्हटलं.

"मंगळवारी," तो म्हणाला. "ही वस्ती मंगळवारी हाय."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी त्याची बाही ओढली. "चल," मी म्हटलं. "रुद्रप्पा, गप चल. नोकरी जाईल. नुसती नोकरी नाही, आत घालतील. पोरीकडे बघ."

त्याने पोरीकडे बघितलं. मग काशम्माकडे. ती एवढंच म्हणाली, "त्यानं सोडलं आपल्याला." त्यानं म्हणजे त्या म्हातारीने. कानडी माणसाची मराठी अशीच असते. रुद्रप्पाने रत्नाचा हात तिच्या हातात दिला आणि परत निघाला.

कुत्री पुन्हा अंगावर आली. तो थांबला नाही. बाळाबाई वाडग्याच्या तोंडाशीच उभी होती. मी निम्म्या वाटेत होतो, पण सगळं ऐकू आलं, कारण आता त्याचा आवाज फुटला होता.

"आजी, तुमी चुकला," तो म्हणाला. "मी सरकारीच हाय. कचेरीत हाय मी. मंगळवारी सकाळी गाडी येनार हाय हितं. बाप्यांना ज्वारीत ठेवू नगा, ज्वारीत बगत्यात. लांब पाठवा."

एका बाईने विळा वर केला होता, तो तसाच राहिला. आता या माणसाचं काय होणार, ते मला बघवेना, पण मान वळवता येईना.

बाळाबाईने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "सरकारी हायस," ती म्हणाली, "मंग कापतोस कशाला?"

"म्हनूनच," रुद्रप्पा म्हणाला.

मग तिने कुत्र्यांना हाळी दिली आणि त्याला जाऊ दिलं.

मंगळवारी गाडी गेली. वस्तीवर म्हाताऱ्या बाया आणि कुत्री. मेंढरं नाहीत, बाप्ये नाहीत, चुली थंड. साहेब तापला. कुणी फोडलं, म्हणून कचेरीत एकेकाला आत बोलावून विचारलं. रुद्रप्पाला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, हे त्याने मला कधीच सांगितलं नाही. पण त्या आठवड्यापासून कचेरीला जाताना त्याच्या पिशवीत एक जास्तीचा पायजमा आणि टॉवेल असायचा. परत यायला मिळालं नाही तर असावं म्हणून. काशम्मा रोज सकाळी ते घडी करून ठेवायची, संध्याकाळी बाहेर काढायची. ओट्यावर पाऊल वाजलं की दोघं बोलता बोलता थांबायची. वस्तीतल्या एखाद्या बाईने बाजारात सहज एक शब्द काढला असता, की अमुक कचेरीतल्या माणसाने सांगितलं, तर संपलंच होतं. सगळा हिवाळा त्याने असा काढला. वाळून काडी झाला. मी रोज बघत होतो आणि रोज त्याच्याइतकाच भीत होतो, कारण ऐकणारा मीही होतो.

कुणी शब्द काढला नाही. एवढ्या बाया, एवढी पोरं, पण कुणी नाही.

मग अचानक निवडणुका लागल्या, गाड्या यायच्या बंद झाल्या, आणि लोक ओट्यावर बसून मोठ्याने बोलायला लागले. सुभेदारांनी नवी निशाणं शिवायला सांगितली. काशम्माने या वेळी अख्खी पिवळी शिवली, भंडाऱ्याच्या रंगाची, आणि त्रिकोण कुठेही येऊ दिला नाही. पत्रकं छापली नाहीत. काशम्मा नळावर पाणी भरताना काय बोलली असेल ते बोलली. शिमग्याच्या आधीच्या रविवारी फाट्यावर एसटी थांबली तर तिच्यातून गौरम्मा उतरली, तिची पोरं उतरली, मागोमाग पेठेतली आणखी घरं. जेवणाचे डबे, पाण्याच्या कळशा, एक आजोबा छत्री घेऊन. सुभेदार माझ्या कानात म्हणाले, "बघितलंस? पत्रक उशिरा का होईना, पण लागू पडतं." मी मान हलवली. त्यांचं वय झालं होतं.

आणि आम्ही निशाणांकडे निघणार, तोच टेकाडावरून बाळाबाई आली. मागे सुना, सुनांच्या मागे पोरांची रांग. नात केरा सगळ्यांच्या पुढे, हातात आमचाच एक जुना नकाशा, त्या दिवशी काढून घेतलेला.

सुभेदारांनी आनंदाने छाती पुढे काढली. "पोरं बिनघोर सोडा, आजी. शेवटच्या झाडाखाली मी स्वतः शिट्टी घेऊन उभा आहे. चिंता करायचं कारण नाही."

"तुमी नगं," बाळाबाई म्हणाली.

"का?"

तिने काठीने लिंबाकडे दाखवलं. तिथे रुद्रप्पा आधीच जाऊन उभा होता. काशम्मा आणि रत्ना निशाणांमागे निघून गेल्या होत्या. तो टोपी काढत होता, घडी घालत होता, परत घालत होता.

"त्यो उबा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्येला भ्या वाटतं."

तिने केराचा हात सोडला. पेठेतल्या बायांनी बाळाबाईकडे बघितलं, रुद्रप्पाकडे बघितलं, आणि त्यांनीही आपापली पोरं सोडली. माळावर जिकडेतिकडे पोरंच पोरं झाली. रुद्रप्पा उन्हात उभा राहून टेकाडाकडे बघत होता. शेवटचं पोर परत येईपर्यंत तो खाली बसला नाही, आणि मी दिलेल्या पाण्यालाही त्याने तोंड लावलं नाही.